पांढऱ्या पेशींचा ताळेबंद

व्यापारी घरांत वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची एक जुनी रीत आहे. साठी उलटली की मुले म्हणतात, ‘बापूजी, आयुष्यभर धावपळ केलीत, आता तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा.’ गोण्या उचलायला नोकर असतो, उधारी वसूल करायला मुलगा जातो, बँकेचे काम मोबाईलवर होते आणि जेवणाचा डबा दुकानात येतो. घरी आजीबाईंना सुनेने पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यावा, यात कुळाची शोभा मानली जाते. या मानामागचा भाव निर्मळ आहे यात शंका नाही. परंतु गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने जे दाखवून दिले आहे ते पाहता, आदराने बसवून ठेवलेल्या माणसाच्या शरीरात काय घडते याचा हिशेब प्रत्येक घराने एकदा मांडायला हवा.

घणसोली गावाकडे पाहिले तर हा हिशेब चटकन लक्षात येतो. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला गवळीदेवाचा डोंगर आणि मधल्या पट्ट्यात भातशेती, असे हे मूळचे आगरी-कोळी गाव. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या आणि शेताच्या बांधावरून चालणारी पिढी पाहता पाहता इमारतींच्या जिन्यावर आली. २००४ मध्ये ठाणे–वाशी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि घणसोलीला स्थानक मिळाले. गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांत किराणा, कापड, भांडी, औषधे यांची दुकाने वाढली. वाशीची घाऊक बाजारपेठ जवळ असल्याने व्यापारी कुटुंबांनाही हा परिसर सोयीचा झाला. ज्या गावात एके काळी दिवसभराचे कामच व्यायाम होते, तेथे आज सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत एकाच जागी बसणे हे अनेकांचे काम झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के होते.

हालचाल कमी झाली की वजन वाढते, साखर वाढते, गुडघे धरतात, हे सर्वांना ठाऊक असते. रोगाशी झुंजणाऱ्या पेशींवर त्याचा जो परिणाम होतो, तो मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही.

या पेशींच्या शोधाचा मुंबईशी दूरचा पण खरा संबंध आहे. इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली पहिल्यांदा दाखवले, की शरीरात काही भटक्या पेशी असतात आणि बाहेरून आलेल्या कणांना त्या गिळून टाकतात. त्या कामासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचेच ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हे १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईत आले. त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे. गुरूने शरीराचे पहारेकरी ओळखले आणि शिष्याने त्या पहारेकऱ्यांना आधीच सावध करण्याचा मार्ग दाखवला. पुढे मेचनिकॉफ यांचे लक्ष वार्धक्याकडे वळले. पहारेकरीच म्हातारे झाले तर काय, हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रापुढे आहे.

आज त्याचे उत्तर बरेचसे मिळाले आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक लहान ग्रंथी असते. ‘टी-पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशींचे शिक्षण तेथे होते. शत्रू कोणता आणि स्वकीय कोण, हे त्या तेथेच शिकतात. तारुण्यात पाऊल पडल्यापासून ही ग्रंथी आकसू लागते आणि तिची जागा चरबी घेते. साठीनंतर नवख्या टी-पेशींची भरती फारच मंदावते. जुन्या रोगांची आठवण ठेवणाऱ्या पेशी शिल्लक असतात. पण ज्याच्याशी गाठ पडलेली नाही अशा जंतूसमोर शरीर बावचळते. म्हणूनच नव्या साथीचा घाव वृद्धांवर अधिक बसतो आणि लसीचा लाभही त्यांना तरुणांपेक्षा कमी मिळतो.

यालाच जोडून दुसरे एक संकट येते. वृद्ध शरीरात पहारा ढिला पडतो, पण गोंगाट मात्र वाढतो. कोठे जखम नाही, ताप नाही, तरी रक्तात दाह वाढवणारी रसायने मंद आचेवर सतत शिजत राहतात. इटलीचे क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या स्थितीला ‘वार्धक्यातील दाह’ अशा अर्थाचे नाव दिले. मधुमेह, हृदयविकार, सांध्यांचे विकार आणि स्मृतिभ्रंश यांच्या मुळाशी या मंद दाहाचा वाटा असल्याचे आता मानले जाते.

येथे महाराष्ट्रातील एका संशोधनाचा उल्लेख आवश्यक ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची शेजारी-शेजारी काढलेली छायाचित्रे छापली. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी आदर्श. शरीरातील चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, अशी मिश्कील नोंदही त्या लेखात होती. दिसायला सडपातळ, पण आतून चरबीयुक्त अशा भारतीय देहाची ओळख जगाला त्यातून पटली.

या चरबीचा पांढऱ्या पेशींशी थेट संबंध आहे. पोटातील चरबी म्हणजे तिजोरीत पडून राहिलेला निर्जीव साठा नव्हे. ती फुगत गेली की ‘महाभक्षक’ जातीच्या पेशी तिच्यात शिरतात आणि तेथे तळ ठोकून दाहक रसायने सोडू लागतात. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि साखर वाढते. वाढलेल्या साखरेत जंतू गिळणाऱ्या पेशींचे कामही मंदावते. मधुमेही व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दुकानाच्या गादीवर दिवस काढणाऱ्या समाजाने हे आकडे परक्याचे समजू नयेत.

आता जमेची बाजू पाहावी. माणूस भराभर चालू लागला की पहिल्या काही मिनिटांतच रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. हे निरीक्षण शंभर वर्षांहून जुने आहे. बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचे रक्त तपासून लॅराबी या डॉक्टरांनी १९०२ साली त्याची नोंद केली होती. प्लीहा, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती येथे विसावलेल्या पेशी ॲड्रेनलिनच्या हाकेसरशी प्रवाहात उतरतात. विषाणूग्रस्त व कर्करोगग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशी त्यांत आघाडीवर असतात; त्यांची रक्तातील संख्या काही पटींनी वाढते. व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत हीच संख्या नेहमीपेक्षाही खाली जाते. त्यामुळे पुष्कळ वर्षे अशी समजूत होती, की जोरदार व्यायामानंतर प्रतिकारशक्ती काही काळ दुबळी होते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी २०१८ साली या समजुतीची कसून तपासणी केली. पेशी नष्ट होत नाहीत. त्या रक्तातून निघून फुप्फुसे, आतडे अशा ठिकाणी गस्तीला जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. गल्ल्यातील रोकड कमी दिसली म्हणजे तोटा झाला असे व्यापारी म्हणत नाही; पैसा मालात गुंतला आहे हे तो जाणतो. येथेही तसेच आहे.

दुसरा लाभ स्नायूंमधून येतो. कोपनहेगनच्या डॉ. बेंटे पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालाच्या सुमारास दाखवले, की काम करणारा स्नायू स्वतःच रक्तात रसायने सोडतो. त्यांपैकी प्रमुख रसायन ‘इंटरल्यूकिन-६’ हे आहे. बैठ्या माणसाच्या रक्तात ते कायम वाढलेले असेल तर ते दाहाचे लक्षण ठरते. परंतु स्नायूतून काही काळापुरते आलेले हेच रसायन दाह शमवणाऱ्या इतर रसायनांना जागे करते. एकच वस्तू, एका ठिकाणी थकीत कर्ज, तर दुसऱ्या ठिकाणी खेळते भांडवल. कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात ट्रेडमिलवर केवळ २० मिनिटे मध्यम वेगाने चालल्यावर दाहक रसायन बनवणाऱ्या पेशींचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी उतरले, अशी नोंद २०१७ मध्ये झाली. घट लहान आहे, पण ती एकाच फेरीची आहे आणि फेरी रोज मारता येते.

दीर्घ काळाचा लाभ किती, हे बर्मिंगहॅमच्या एका अभ्यासावरून कळते. ५५ ते ७९ वर्षे वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंच्या रक्ताची तुलना त्याच वयाच्या बैठ्या लोकांशी आणि तरुणांशी करण्यात आली. हे सायकलपटू अनेक वर्षे नियमित सायकल चालवणारे होते. थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नव्या टी-पेशींचे प्रमाण त्यांच्या रक्तात तरुणांइतके आढळले. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले. मात्र त्याच अभ्यासात हेही दिसले, की थकलेल्या, जीर्ण टी-पेशींचा साठा सायकलपटूंमध्येही वयाप्रमाणे वाढलाच होता. व्यायाम वार्धक्याची काही खाती सुधारतो, सगळी नव्हे. शिवाय निरोगी माणसेच सायकल चालवत राहतात, हा मुद्दाही अशा तुलनेत ध्यानात ठेवावा लागतो.

म्हणून पद्धतशीर चाचण्यांना अधिक मोल आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एका चाचणीत सत्तरीच्या आसपासच्या १४४ बैठ्या व्यक्तींचे दोन गट केले गेले. एका गटाने दहा महिने चालण्यासारखा दमाचा व्यायाम केला, दुसऱ्याने केवळ लवचिकतेचे व्यायाम केले. फ्लूच्या लसीनंतर सुमारे सहा महिन्यांनीही संरक्षण टिकून राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात अधिक होते. डेव्हिड नीमन यांनी १,००२ प्रौढांवर १२ आठवडे लक्ष ठेवले, तेव्हा आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-पडशाचे दिवस बैठ्या लोकांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरले. संधिवाताच्या १२ रुग्णांनी दहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, आलटून-पालटून जलद व संथ चालण्याचा सराव केला. त्यांच्या जंतुभक्षक पेशींचे काम सुधारले आणि रोगाचा जोरही उतरला. बारा ही संख्या फार लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण-स्त्रियांमध्ये, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला योगाभ्यास देऊन मोठी तुलनात्मक चाचणी केली. त्या स्त्रियांचे जीवनमान सुधारल्याचे २०२२ साली अमेरिकेतील परिषदेत मांडले गेले. उपचारांच्या ‘जोडीला’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. व्यायाम औषधाची जागा घेत नाही.

मग किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. सामायिकाची ४८ मिनिटे ज्यांच्या अंगवळणी पडली आहेत, त्यांना हा वेळ मोजणे सोपे आहे. आठवडाभरात तीन सामायिकांना लागतो जवळपास तेवढाच. सामायिकाची जागा चालण्याने घेऊ नये आणि चालण्याची जागा सामायिकाने. श्रम मध्यम आहेत हे ओळखण्याची खूण अशी : चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण स्तवन गाता येऊ नये.

जैन आचारात पायांना फार मोठे स्थान आहे, हे विसरता कामा नये. साधू-साध्वी वाहनाचा त्याग करून गावोगाव विहार करतात. शत्रुंजयाच्या पायऱ्या असोत, मांगी-तुंगीचा किंवा कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर असो, श्रावक-श्राविका त्या चढूनच कृतार्थ होतात. पंचांग प्रणिपाताच्या खमासमणात गुडघे, कंबर आणि खांदे या सर्वांना काम मिळते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा चौविहाराचा नियमही येथे मदतीला येतो. दुकानाच्या मागच्या बाजूला डबा उघडून लगेच गल्ल्यावर परतण्याऐवजी, जेवून १५-२० मिनिटे पायी फिरून यावे. जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आवरली जाते. घणसोली गावातून स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी पायी जावे, जुन्या इमारतीचा जिना शत्रू न मानता मित्र मानावा. सकाळी ठाणे–बेलापूर रस्त्याच्या धुरात फिरण्यापेक्षा सेक्टरांतील शांत रस्ते बरे. पावसाळ्यात हिरवळीवर व शेवाळावर पाय पडू नये अशी ज्यांची जीवदयेची जपणूक असते, त्यांनी घरातल्या घरात, गच्चीवर किंवा जिन्यावर चालावे. ईर्यासमितीचा विवेक, म्हणजे पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे, वृद्धाला पडण्यापासूनही वाचवतो. गुडघे दुखत असतील तर भक्कम खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, एवढ्यानेही आरंभ होतो.

काही सावधगिरी मात्र अवश्य हवी. चालताना छातीत दुखत असेल, अकारण धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने उपवास, आयंबिल वा वर्षीतपाच्या काळात व्यायामाचे व औषधाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने अनवाणी यात्रेआधी तळपाय तपासून घ्यावेत; न कळलेली जखम पुढे पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकते. ताप असताना विश्रांतीच घ्यावी. स्नायू बळकट करायचे तर मूग, मठ, हरभरा, दूध, दही यांतून प्रथिने पुरेशी मिळायला हवीत. नव्या रक्तपेशी तयार होण्यासाठी ब-१२ जीवनसत्त्व लागते. डॉ. याज्ञिक यांच्याच गटाने पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत ते कमी आढळले. शाकाहार सोडण्याचे त्यासाठी कारण नाही. रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेता येते.

आता प्रश्न उरतो तो घराचा. वडिलांना गल्ल्यावर बसवणारा मुलगा आणि सासूबाईंना उठू न देणारी सून, दोघेही प्रेमापोटीच तसे करतात. त्या प्रेमाची दिशा थोडी बदलावी, इतकेच येथे सुचवायचे आहे. बाजारातून भाजी आणणे, देरासरला पायी जाऊन येणे, नातवाला शाळेत सोडणे, दुकानातील वरच्या फळीचा हिशेब उभ्याने करणे, ही कामे वृद्धांच्या हातून काढून घेऊ नयेत. ती झेपत नसतील तर सोबतीला कोणीतरी चालावे. ‘बापूजी, तुम्ही बसा’ याऐवजी ‘बापूजी, चला, मीही येतो’ असे म्हणावे.

व्यापारात वर्षअखेरीस ताळेबंद निघतो. शरीराचा ताळेबंद मात्र आजारपणातच उघडतो, आणि त्या दिवशी मागची भरणा करता येत नाही. पांढऱ्या पेशींच्या खात्यात एकरकमी ठेव स्वीकारली जात नाही. रविवारी चार तास चालून आठवड्याची भरपाई होईल, असा भरवसा धरण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. छोटा हप्ता, न चुकवता भरलेला, हा व्यापारी घरांना ठाऊक असलेला जुनाच नियम येथे लागू पडतो.